गाडीच्या पोटाखालची टक

आवाज आहे की नाही, इथपासूनच घोळ होता.

व्हॅनमावशींना तो ऐकू यायचा. गाडी हळू चालली असताना एक चाक खड्ड्यात गेलं, किंवा गतिरोधकावर तिरकं चढलं, की पुढून, खालून, टक. एकदाच. कुणी बोटाच्या पेराने दार वाजवावं तसा. त्यांच्या नवऱ्याला, सूतरावांना, तो ऐकू यायचा नाही. पण सूतरावांना दारावरची घंटाही ऐकू यायची नाही, त्यामुळे त्यांच्या 'नाही'ला घरात फारशी किंमत नव्हती.

सूतराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पत्रा दाबून कपाटांची दारं काढायच्या प्रेसवर त्यांची उभी हयात गेली. तिथे इंचाच्या आठव्या भागाला सूत म्हणत. दुसऱ्याने पत्रा लावला की हे लांबूनच सांगायचे, "सूतभर डावीकडे घे." मोजलं तर सूतभरच निघायचं. मग घरीही तेच सुरू झालं. कॅलेंडर सूतभर वाकडं. टेबलाचा एक पाय सूतभर आखूड. लग्नाच्या फोटोत सासरेबुवा सूतभर जास्तच पुढे आलेले. नाव चिकटलं ते चिकटलंच.

प्रेसने त्यांचे कान नेले. समोर बसून बोललेलं कळायचं. बारीक आवाज मात्र गेले ते गेलेच: घंटा, शिट्टी, कपबशीची किणकिण. त्याचं त्यांना फार वाईट वाटत नसे. जगात शांतता वाढली आहे, असं ते म्हणायचे.

गाडी मावशींची होती. सूतरावांना गाडी चालवता येत नसे. तरुणपणी एकदा शिकायला बसले होते, पण दोन्ही बाजूंना किती जागा आहे याचा अंदाज घेत ते इतके हळू चालवायचे, की मागे रांग लागली आणि शिकवणारा उतरून चालत घरी गेला. तेव्हापासून वाटणी ठरली. चालवायची मावशींनी, दुरुस्त करायची सूतरावांनी. मावशींनी कितीतरी वर्षं शाळेच्या मुलांची व्हॅन चालवली होती. मागच्या बाकावर कुणी कुणाचा डबा उघडला, हे आरशात न बघता त्या नावानिशी सांगायच्या. कान हीच त्यांची मिरासदारी. म्हणून टक ऐकू आली तेव्हा आधी त्यांना काही वाटलं नाही. दुसऱ्या कुणालाच ती ऐकू येत नाही म्हटल्यावर मात्र त्या धास्तावल्या.

गॅरेजवाल्याने गाडी मोठ्या रस्त्याला नेली, जोरात पळवली, परत आणली आणि म्हणाला, "मावशी, लोण्यासारखी चालतीये. कसला आवाज?"

शेजारच्या सलूनवाल्याला त्यांनी पुढच्या सीटवर बसवून गल्लीतून फिरवलं. तो पहिल्या गतिरोधकावर म्हणाला, "आला, वहिनी, आला!" दुसऱ्यावर म्हणाला, "हा काय, आलाच." तिसऱ्यावर पाय हलवून बघितला आणि म्हणाला, "थांबा हं. माझा गुडघा वाजतोय बहुतेक."

"म्हणजे आधीचे दोन?"

"तेही गुडघाच असेल. खोटं कशाला बोलू?"

त्या संध्याकाळी मावशी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभ्या राहिल्या आणि सूतरावांच्या तोंडासमोर तोंड आणून, त्यांना नीट ऐकू जाईल असं म्हणाल्या, "अहो, अक्कांचं असंच सुरू झालं होतं."

अक्का म्हणजे मावशींची थोरली बहीण. अक्कांना घंटा ऐकू यायची. दार उघडावं तर बाहेर कुणी नसे. सगळे हसले. काही दिवस अक्काही हसल्या. मग त्या दार उघडून, न आलेल्या माणसाला बसा म्हणू लागल्या. त्यानंतर हसण्यासारखं काही राहिलं नाही. आता त्या गावाबाहेर, म्हाताऱ्या माणसांची देखभाल होते अशा एका घरात असायच्या. मावशी दर आठवड्याला गाडी घेऊन तिकडे जायच्या, अक्कांची नखं कापायच्या, त्यांचं सगळं बोलणं ऐकून घ्यायच्या. अक्का मावशींशिवाय कुणाच्या हातात बोट देत नसत.

"तू अक्का नाहीस," सूतराव म्हणाले.

"अक्काही आधी अक्का नव्हत्या," मावशी म्हणाल्या. "गाडीत काही निघालं तर ठीक. नाही निघालं तर मी किल्ली ठेवून देणार. नसलेले आवाज ऐकणाऱ्या बाईने रस्त्यावर गाडी घालू नये. कुणाचं तरी पोर यायचं खाली."

चुकीचं म्हणावं तर त्यात चुकीचं काही नव्हतं. सूतराव बाहेर गेले, गोणपाट अंथरलं आणि गाडीखाली शिरले.

गाडीखाली शिरणं वयाच्या विशीत एक काम असतं आणि सत्तरीजवळ तीन कामं: खाली बसणं, आडवं होणं आणि सरकणं. बाहेर येण्याचं वेगळं. सूतरावांनी बॅटरी लावली आणि एकेक वस्तू बघत गेले. पुढच्या चाकांच्या मागे, गाडीच्या या अंगापासून त्या अंगापर्यंत, अंगठ्याहून जाड अशी एक वाकवलेली सळई जाते. वळणावर गाडी एका बाजूला कलू नये म्हणून ती असते. तिची टोकं चाकांशी बांधलेली आणि मध्ये दोन जागी ती गाडीच्या सांगाड्याला लोखंडी पट्टीने आवळलेली. पट्टी आणि सळई यांच्या मध्ये रबराचा ठोकळा असतो, त्याला बुश म्हणतात. लोखंडाने लोखंडावर आपटू नये, एवढंच त्याचं काम. डावीकडचा बुश त्यांनी स्क्रूड्रायव्हरने उचकून बघितला. रबर तडकलेलं, आणि सळईभोवती पोकळी. उजवीकडचाही तसाच.

सूतराव गाडीखालूनच ओरडले, "सापडलं!"

वरून मावशी म्हणाल्या, "खाली शीळ कोण घालतंय?"

"काय?"

"शीळ!"

"मी कशाला शीळ घालू? सापडलं म्हणतोय!"

त्यांना इतका आनंद झाला होता, की बाहेर सरकताना कपाळ गाडीला आपटलं तेही त्यांनी मोजलं नाही.

कामाला त्यांनी दुसऱ्या सकाळी हात घातला. डावी बाजू जॅकवर उचलली, खाली आधाराला लोखंडी घोडा लावला, चाक काढलं. पट्टीच्या बोल्टांना आदल्या रात्रीपासून तेल पाजून ठेवलं होतं. तरी ते हलेनात. गंजलेला बोल्ट सुटायला किती जोर लागतो, हे सांगून कळत नाही. जोर लावायला पान्याला लांब दांडा लागतो, तो धरायला जागा लागते आणि गाडीखाली नेमकी जागाच नसते. छातीवर कोपर टेकवून, टाच भिंतीला लावून, सूतरावांनी सगळं अंग पान्यावर टाकलं. बोल्ट कुरकुरला असावा. त्यांना फक्त पान्याला झटका लागला. सुटला.

मग पहिला घोळ झाला. दुसरा बोल्ट निघताच पट्टी उसळली आणि सळई जागची हलून अंगठाभर वर चढून बसली. सूतरावांनी ती खाली ओढली. येईना. लोंबकळले. येईना. नवा बुश घातला तरी पट्टीची भोकं जुळणार कशी? सळई वाकलीय का? वाकली तर कधी? की ही सळई या गाडीची नाहीच? ते बराच वेळ सळईकडे बघत पडून राहिले. सळईही त्यांच्याकडे बघत असावी असं वाटलं.

सलूनवाला गिऱ्हाईक नसलं की यायचा. तो वाकून म्हणाला, "सूतराव, गाडी अशी एका कुशीवर का झोपवलीये?"

सूतरावांच्या डोक्यात काहीतरी हललं. सळई दोन्ही चाकांना बांधलेली. एक चाक लोंबतंय, दुसरं जमिनीवर. म्हणजे सळईला पीळ बसलाय. ते बाहेर आले, वळसा घातला आणि उजवी बाजूही तेवढीच उचलली. परत खाली शिरून बघितलं, तर सळई सुतासारखी सरळ, आपल्या जागी, काही झालंच नाही अशी.

"माझ्यामुळे झालं ना?" सलूनवाल्याने विचारलं.

"तू फक्त कुशी म्हणालास."

"तेच म्हणतोय. माझ्यामुळे."

दोन्ही बुश निघाले. सूतरावांनी ते फडक्यावर ठेवले आणि खिशातून मापाचा व्हर्नियर काढला. कारखान्यात स्टोअरचा एक नियम होता. जुना भाग टेबलावर ठेवल्याशिवाय नवा भाग मिळायचा नाही. नमुना दाखवा, माप सांगा, माल न्या. या नियमाने त्यांचा सगळा जन्म गेला होता. त्यांनी बुशच्या भोकाचं माप घेतलं. उभं पंचवीस मिलिमीटर भरलं, आडवं तेवीस. दुसऱ्या बुशचंही तसंच. त्यांनी दोन्हीची सरासरी काढली, पेन्सिलीने तळहातावर चोवीस लिहिलं आणि सलूनवाल्याच्या स्कूटरवर मागे बसले.

सुट्या भागांच्या दुकानातला माणूस म्हणाला, "काका, या गाडीत दोन मापं येतात. बावीसची सळई आणि चोवीसची सळई. तुमची कुठली?"

सूतरावांनी तळहात पुढे केला.

"अरे वा," दुकानदार म्हणाला. "असं गिऱ्हाईक रोज येत नाही. लोक नुसतं 'रबर द्या' म्हणतात."

सूतरावांची मान सूतभर ताठ झाली.

नवे बुश सुरेख बसले. साबणाचं पाणी लावलं, रबराला मुद्दाम ठेवलेल्या चिरेतून उघडून सळईवर चढवले आणि ते बोटाने गेले. ढकलावंही लागलं नाही. पट्ट्या बसल्या, बोल्ट आवळले. सूतरावांनी हत्यारं पुसली. इतकं गुणी काम बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं. कुठे अडलं नाही, कुठे रक्त निघालं नाही. एवढं बिनबोभाट काम झालं, की खरं तर तिथेच शंका यायला हवी होती. पण आनंदात माणूस शंका घेत नाही.

"चल," ते म्हणाले. "काढ गाडी."

मावशींनी केस बांधले, चप्पल बदलली आणि बसल्या. परीक्षेला निघाल्यासारखा त्यांचा चेहरा होता. गल्लीचं टोक आलं, पहिला गतिरोधक आला, गाडी तिरकी चढली, उतरली. सूतरावांनी मावशींकडे बघितलं. त्यांचे हात स्टिअरिंगवर पांढरे पडले होते.

"आला?" सूतरावांनी विचारलं.

त्यांनी मान हलवली. हो की नाही, ते नीट कळलं नाही. पुढे खड्डा होता. खड्ड्यातून बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "आहे. तसाच आहे."

जुनं रबर काढलं, नवं घातलं, स्वतःच्या हाताने, मापाने. गाडीत आता दोष राहायला जागाच नव्हती. मग आवाज कुठे राहिला? त्यांनी एकदा गाडीकडे बघितलं, एकदा बायकोकडे, आणि दोन्हींकडे बघायची त्यांना भीती वाटू लागली.

परत फिरताना मावशींनी विचारलं, "आत्ता आला ना?"

"हो," सूतराव म्हणाले. "आला. बारीक होता, पण आला. म्हणजे मलाही आला."

मावशींनी गाडी बाजूला घेतली आणि थांबवली. इंजिन बंद केलं.

"आत्ता आला नव्हता," त्या म्हणाल्या. "रस्ता सपाट आहे. मी मुद्दाम विचारलं."

सूतराव समोरच्या काचेकडे बघत राहिले. काचेवर एक किडा चालत होता.

"अक्कांनाही आपण असंच म्हणायचो," मावशी म्हणाल्या. "हो अक्का, वाजली घंटा. बघून येते हं."

घरी आल्यावर त्यांनी किल्ली खुंटीला लावली नाही. कपाटातल्या सुईदोऱ्याच्या डब्यात टाकली आणि झाकण लावलं. सूतरावांना झाकणाचा आवाज आला नाही, पण त्यांनी ते लागताना बघितलं.

रात्रभर त्यांचं डोकं एकाच जागी फिरत राहिलं. बुश नवे. माप बरोबर. बोल्ट घट्ट. मग टक कुठून येणार? येत नसेल तर मावशींना काय झालंय? येत असेल तर आपल्याला काय झालंय? आणि या दोन्हींतलं काहीही असलं, तरी ज्याला ऐकूच येत नाही त्याने ठरवायचं कसं? ते एकदा उठून अंधारात गाडीजवळ जाऊन उभे राहिले. उभ्या गाडीला काय विचारणार? परत येऊन पडले.

सकाळी ते चहाचा पेला हातात घेऊन अंगणात बसले होते. मावशी ओट्यावर कणीक तिंबत होत्या. सूतरावांची पाठ भिंतीला होती आणि भिंतीतून काहीतरी येत होतं. थप. थप. थप. कणकेचा गोळा परातीत आपटत होता. कानाला काहीच नव्हतं. पाठीला सगळं कळत होतं.

पेला त्यांनी तसाच खाली ठेवला.

प्रेस शॉपमध्ये कान कुणाचेच चालत नसत. सगळ्या प्रेस एकदम चालू असल्या, की शेजारचा माणूस ओरडतोय की जांभई देतोय ते कळत नसे. तिथे यंत्र ऐकायचं ते तळहाताने. अंगाला हात लावून उभं राहायचं. कुठे बोल्ट ढिला झाला, कुठे साचा हलला, की हाताला टोचायचं. ही गोष्ट सूतरावांना श्वासासारखी येत होती आणि श्वासासारखीच ती त्यांच्या लक्षात नव्हती. कारखाना सुटला तेव्हा त्यांनी ती तिथेच खुंटीवर टांगून ठेवली होती. गाडीचा आवाज म्हणजे कानाचं काम, एवढंच धरून ते बसले होते.

"अगं ए! बाहेर ये!" ते ओरडले. "आणि त्याला बोलाव, गुडघेवाल्याला!"

सलूनवाला गळ्यात कापड अडकवलेल्या अवस्थेत आला. अर्धं गिऱ्हाईक खुर्चीतच होतं. सूतरावांनी डाव्या पुढच्या चाकाखाली जाड फळी घातली होती, हँडब्रेक लावला होता आणि चाक वळवून, त्याच्या मागच्या फटीतून हात आत घालून सळईवर, अगदी बुशच्या शेजारी, तळहात ठेवला होता. गाल मडगार्डला टेकलेला.

"दोघं मिळून गाडी हलवा. आडवी. पाळण्यासारखी."

"वहिनी, हे ठीक आहेत ना?" सलूनवाल्याने हळूच विचारलं.

"मला विचारू नका," मावशी म्हणाल्या. "या घरात कोण ठीक आहे हेच बघायचं चाललंय."

दोघांनी गाडीच्या कडेला हात लावून ढकलली. गाडी कलली, परत आली. सूतरावांनी डोळे मिटले. काही नाही. पुन्हा. काही नाही. हाताला नुसतं थंड लोखंड.

"सूतभर जोरात!"

गाडी कलली, परत आली, आणि तळहाताच्या मधोमध काहीतरी येऊन लागलं. बारीक. पेराने दार वाजवावं तसं.

"थांबा," सूतराव म्हणाले. "परत."

परत लागलं.

"आत्ता," ते म्हणाले.

"आत्ता," मावशीही त्याच क्षणी म्हणाल्या.

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मावशी गाडीच्या पलीकडे, सूतराव जमिनीला खिळलेले, मधे सलूनवाला.

"डोळे मिट," सूतराव म्हणाले. "मी मिटतो. आवाज आला की तू टपावर थाप मार. मी पाय आपटतो." मग सलूनवाल्याला: "तू एकटा हलव. कधीही हलव. कधी थांब. फसव आम्हाला."

सलूनवाल्याने फसवायची शर्थ केली. नुसता धापा टाकून गाडी हलवल्याचं नाटक केलं. मधेच हलवली, मधेच थांबला. पण जेव्हा जेव्हा टपावर थाप पडली, तेव्हा तेव्हा खाली चप्पल आपटली, आणि थाप नव्हती तेव्हा चप्पल नव्हती. शेवटी तो दमून बाजूला झाला. मावशी टपावर कपाळ टेकून उभ्या राहिल्या. त्या रडत होत्या की हसत होत्या, ते सूतरावांना खालून दिसत नव्हतं.

"आहे," सूतराव म्हणाले. "बाई, तो आहे."

"मग तुम्ही नवं काय घातलंत?" मावशींनी नाक पुसत विचारलं.

हा प्रश्न अगदी बरोबर होता. पुन्हा गाडी वर गेली, या वेळी दोन्ही बाजूंनी. पट्टी निघाली, बुश निघाला, बोटाने, न ढकलता. त्यांनी बुशकडे बघितलं. मग सळईकडे. मग तारेचा ब्रश घेतला आणि सळईवरचा चिखल, गंज, वर्षानुवर्षांची घाण घासून काढली. चकाकी दिसल्यावर व्हर्नियर लावला.

बावीस.

त्यांनी व्हर्नियर काढला, पुसला, परत लावला. सळईने मत बदललं नाही.

जुन्या बुशचं भोक लंबगोल होतं. उभं पंचवीस, आडवं तेवीस. गोल असायला हवं ते लंबगोल झालं, म्हणजे झिजलं. आणि ते झिजल्यामुळेच तर ते काढलं होतं. झिजलेल्या वस्तूचं माप घेऊन, त्याची सरासरी काढून, बरोबर तेवढंच ढिलं नवं रबर सूतरावांनी विकत आणलं होतं. माप अचूक होतं. चुकीच्या वस्तूचं होतं. आणि चूक किती? दोन मिलिमीटर. एक सूतही भरत नव्हतं.

मावशींनी खाली वाकून बघितलं. "काय झालं?"

"काही नाही. मी गाढव आहे का, ते बघतोय."

"मग?"

"सूतभर कमी."

दुकानदाराने चोवीसचे बुश परत घेताना तळहाताकडे बघितलं. पेन्सिलीचा आकडा अजून पुसट दिसत होता. "काका, आज हात धुवून आलात का?" तो म्हणाला आणि बावीसचे काढून दिले.

हे बुश बोटाने गेले नाहीत. चीर उघडायलाच दोन्ही अंगठे लागले. साबणाचं पाणी लावलं, तरी रबर सळईला धरून बसलं आणि पुढे सरकेना. सूतरावांनी ते तळव्याने रेटलं, लाकडाच्या तुकड्याने ठोकलं, मनगट पट्टीच्या कडेला खरचटलं. पट्टी दाबून भोकं जुळवायला गुडघा लावावा लागला. प्रत्येक वेळी जोर लागला की त्यांना बरं वाटायचं. बोल्ट त्यांनी आधी नुसते धरते ठेवले. चाकं लावली, गाडी फळ्यांवर उतरवली, तिचं वजन तिच्या पायांवर येऊ दिलं आणि मग खाली शिरून शेवटचं आवळलं. गाडी उभी असताना रबर ज्या अंगाने राहणार, त्याच अंगाने ते आवळायला हवं. पहिल्या वेळी हेही राहिलं होतं. आनंदात काय काय राहतं!

मग चाकामागच्या फटीतून हात घातला, मावशींना गाडी हलवायला सांगितलं, आणि तळहात ठेवून थांबले. गाडी कलली, परत आली. कलली, परत आली. थंड लोखंड.

"काय?" मावशींनी विचारलं.

"तू सांग आधी."

"नाही तुम्ही सांगा."

"मला काही लागत नाही."

"मला काही येत नाही," मावशी म्हणाल्या. काही न येणं याच्यावर इतका विश्वास ठेवायची दोघांनाही सवय नव्हती.

मावशी आत गेल्या. सुईदोऱ्याचा डबा उघडून किल्ली घेऊन आल्या. किल्लीला एक निळा दोरा गुंडाळला गेला होता. तो त्यांनी सोडवला नाही.

"अक्कांची नखं वाढली असतील," त्या म्हणाल्या. "बसा."

अक्कांच्या घराकडे जायच्या रस्त्यावर गतिरोधकच गतिरोधक होते. सूतरावांनी चपला काढून दोन्ही तळपाय गाडीच्या तळाला टेकवले होते आणि एक हात दाराखालच्या पत्र्यावर. पहिला गेला. दुसरा गेला. मावशी मुद्दाम तिरकी घेत होत्या, एकेक चाक, हळूहळू, मागच्या गाडीवाल्याने हॉर्न मारेपर्यंत. सूतरावांना तो हॉर्न ऐकू आला नाही, पण मावशींच्या तोंडून मागच्या माणसासाठी काय निघालं ते कळलं, आणि त्यांना पूर्वीची व्हॅनमावशी आठवली.

शेवटचा गतिरोधक उतरल्यावर मावशी एकदम म्हणाल्या, "अहो."

"काय?"

"एक आवाज येतोय."

सूतरावांनी तळपाय आणखी घट्ट दाबले. "टक?"

"टक नाही. बारीक. शीळ घातल्यासारखा. परवाही आला होता, तुम्ही गाडीखाली होता तेव्हा. आणि रोज रात्री येतो."

"रोज रात्री? मग सांगितलं का नाहीस? इतकी वर्षं..."

"इतकी वर्षं येतोच आहे," मावशी म्हणाल्या. रस्त्यावरची नजर त्यांनी हलवली नाही, पण गाल हलत होता. "तुमचं नाक वाजतं ते."

सूतराव मावशींकडे वळले. ही थट्टा होती की खरं होतं? थट्टा असेल तर बरंच होतं, कितीतरी दिवसांनी झाली होती. खरं असेल तर सगळ्यांना ऐकू येणारा एक आवाज आपण जन्मभर बरोबर घेऊन फिरलो आणि आपल्यालाच त्याचा पत्ता नाही. विचारावं तर ती अजून हसणार.

गाडी अक्कांच्या दाराशी थांबली. मावशी नेलकटर घेऊन उतरल्या. सूतराव जागेवरच बसले. इकडेतिकडे कुणी बघत नाहीसं पाहून त्यांनी नाकावर तळहात ठेवला आणि डोळे मिटले. हाताला काहीतरी लागत होतं, किंवा नुसता वारा होता. त्यांना नीट कळेना.